ग्रहविज्ञानाचे दार कोणासाठी उघडे आहे? क्लॉडिया अलेक्झांडर यांच्या वाटेवरून काही प्रश्न

जून महिन्यात आपल्या वस्त्यांमधल्या विहारांत दहावी-बारावीच्या मुलांचे गुणगौरव सोहळे होतात. संविधानाची प्रास्ताविका, एक वही, एक पेन, गुलाबाचे फूल आणि मागे निळा बॅनर. यंदा अशाच एका कार्यक्रमात मला व्यासपीठावर बसवले होते. भाषणे नेहमीचीच झाली. कोणी स्पर्धा परीक्षांवर बोलले, कोणी मेडिकलवर, एका वक्त्याने परदेशी शिष्यवृत्तीची माहिती दिली. शेवटी मुलांनी प्रश्न विचारावेत असे जाहीर झाले. दहावी होऊन अकरावी विज्ञानला प्रवेश घेणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, मला ग्रहांचा अभ्यास करायचा आहे. त्यासाठी कुठे जायचे?"

व्यासपीठावर आम्ही सहा जण होतो. दोन निवृत्त अधिकारी, एक वकील, एक प्राध्यापक, एक डॉक्टर आणि मी. माईक एकेकाच्या हातून सरकत माझ्याकडे आला. मी म्हणालो, "बाळ, आधी इंजिनीअरिंग कर, मग इस्रोची परीक्षा दे." टाळ्या पडल्या, मुलगी खाली बसली आणि पुढच्या मुलाने नीटबद्दल विचारले.

घरी आल्यावर मला माझे उत्तर टोचायला लागले. ते अर्धवट होतेच, पण दिशाही चुकलेली होती. रॉकेट बांधणे वेगळे आणि शुक्राच्या वातावरणात काय घडते याचा शोध घेणे वेगळे. पहिले काम अभियंत्याचे, दुसरे शास्त्रज्ञाचे. तिने दुसऱ्याबद्दल विचारले होते आणि मी पहिल्याचा पत्ता दिला होता. आपल्या समाजात आज हजारो इंजिनीअर आहेत, त्यामुळे आपल्याला तेवढीच वाट ठाऊक असते.

त्या रात्री मला क्लॉडिया अलेक्झांडर आठवल्या. अमेरिकेतल्या या कृष्णवर्णीय ग्रहशास्त्रज्ञ. ११ जुलै २०१५ रोजी वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. तीनच दिवसांनी 'न्यू होरायझन्स' यान प्लूटोजवळून गेले आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वळले. मराठीत त्यांच्याबद्दल तेव्हा चार ओळी वाचल्याचे मला स्मरत नाही. नासातल्या भारतीय वंशाच्या अधिकाऱ्यांचे फोटो मात्र आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर सहा महिन्यांनी फिरत असतात.

क्लॉडियाचा जन्म ३० मे १९५९ चा, कॅनडातल्या व्हँकुव्हरचा. वाढली ती कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा या गावी. वडील सामाजिक कार्यकर्ते म्हणून नोकरी करत आणि आई इंटेल कंपनीत ग्रंथपाल होती. मुलीला पत्रकार व्हायचे होते. आईवडिलांनी अट घातली की, बर्कलेच्या विद्यापीठाचा खर्च आम्ही करू, पण काहीतरी उपयोगाचे शिक, म्हणजे इंजिनीअरिंग. वाचताना मला हसू आले आणि लाजही वाटली. सांता क्लाराचे ते आईबाप आणि विहाराच्या व्यासपीठावरचा मी, दोघांचे उत्तर एकच. ज्या समाजाला एका पिढीपूर्वी पगारी नोकरीचे दार बंद होते, तो समाज मुलांना आधी पोटाची सोय पाहायला सांगतो. त्याला कोणी दोष देऊ नये. पण त्या सल्ल्यापायी किती मुलांची वाट बदलली, हेही कोणी मोजलेले नाही.

पुढे काय झाले ते महत्त्वाचे. क्लॉडियाला उन्हाळी सुट्टीत नासाच्या एम्स रिसर्च सेंटरमध्ये काम मिळाले (आपले दिल्लीचे एम्स नव्हे). हे केंद्र तिच्या घरापासून फार लांब नव्हते. काम इंजिनीअरिंग विभागातले होते आणि त्यात तिचे मन रमेना. ती हळूच उठून अंतराळविज्ञानाच्या इमारतीत जाऊन बसायची. तिच्या वरिष्ठांच्या ते लक्षात आले. कामचुकार म्हणून तिला घरी पाठवता आले असते. तसे न करता त्यांनी तिला त्याच इमारतीत काम मिळेल अशी व्यवस्था केली.

मला या प्रसंगावर थोडे थांबायचे आहे. कारण 'गुणवत्ता' या शब्दावर आपल्याशी रोज वाद घातला जातो. क्लॉडियाकडे गुणवत्ता होतीच. पण ती उघडी पडायला तीन गोष्टी लागल्या. घराजवळ संशोधन संस्था असणे, शिकणाऱ्या पोरीला तिथे पगारी उन्हाळी काम मिळणे आणि तिचे मन कुठे आहे हे ओळखणारा एक वरिष्ठ तिथे असणे. यातली एकही गोष्ट परीक्षेच्या गुणपत्रिकेत दिसत नाही. ज्यांच्या घरात आधीच प्राध्यापक आहेत, त्यांना या तिन्ही गोष्टी जन्मतःच मिळतात. म्हणून त्यांना त्या दिसतही नाहीत.

१९८३ साली तिने बर्कलेतून भूभौतिकशास्त्राची पदवी घेतली. ग्रहविज्ञानाला हा पाया चांगला ठरेल असा तिचा हिशोब होता. १९८५ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून पदव्युत्तर पदवी घेतली. प्रबंधासाठी तिने 'पायोनियर व्हीनस' यानाने पाठवलेली माहिती वापरली. सूर्याची क्रियाशीलता कमीजास्त होते तेव्हा शुक्राच्या वरच्या वातावरणातला विद्युतभारित थर कसा बदलतो, हा तिचा विषय होता. हा शुक्र पुढे आपल्या कामाला येणार आहे, तो लक्षात ठेवा. १९९३ साली मिशिगन विद्यापीठातून डॉक्टरेट झाली, विषय अंतराळातला प्लाझ्मा. वायूच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे झाले की जी अवस्था तयार होते ती प्लाझ्मा. सूर्यापासून निघणारे सौरवारे प्लाझ्माचेच असतात. ग्रहाला चुंबकीय क्षेत्र असेल तर ते वारे एका तऱ्हेने अडतात, नसेल तर दुसऱ्या.

डॉक्टरेट पूर्ण होण्याआधीच डॉ. अलेक्झांडर पासाडेनाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत, म्हणजे जेपीएलमध्ये रुजू झाल्या होत्या. तिथे गॅलिलिओ मोहिमेवर प्लाझ्मा लहरी मोजणाऱ्या उपकरणाच्या विज्ञान समन्वयक म्हणून त्यांनी काम केले. गॅलिलिओ १९८९ साली निघाले आणि डिसेंबर १९९५ मध्ये गुरूपाशी पोचले. वाटेत त्याचा छत्रीसारखा मुख्य अँटेना पूर्ण उघडलाच नाही, त्यामुळे माहिती अगदी थेंब थेंब यायची. तरी १९९६ साली याच यानाने दाखवून दिले की गुरूचा चंद्र गॅनिमीड याला स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आहे. आपल्या सूर्यमालेत असा दुसरा चंद्र माहीत नाही. त्या शोधात प्लाझ्मा लहरींच्या उपकरणाचा थेट वाटा होता.

या मोहिमेच्या शेवटच्या प्रकल्प व्यवस्थापक डॉ. अलेक्झांडर होत्या. यानातले इंधन संपत आले होते. असेच सोडून दिले तर कधीतरी ते युरोपा या चंद्रावर आदळण्याची शक्यता होती. युरोपाच्या बर्फाखाली समुद्र असावा असे पुरावे गॅलिलिओनेच दिले होते. पृथ्वीवरचे सूक्ष्मजीव तिथे पोचू नयेत म्हणून २१ सप्टेंबर २००३ रोजी यान मुद्दाम गुरूच्या वातावरणात घालून नष्ट केले गेले. सेकंदाला सुमारे ४८ किलोमीटर वेगाने ते आत शिरले. चौदा वर्षे सांभाळलेली वस्तू एका कदाचित असलेल्या जीवसृष्टीसाठी स्वतःच्या हाताने संपवायची, अशा कामाची सूत्रे एका ४४ वर्षांच्या कृष्णवर्णीय स्त्रीकडे होती.

त्याच काळात त्या युरोपीय अंतराळ संस्थेच्या 'रोझेटा' मोहिमेत अमेरिकेच्या बाजूच्या प्रकल्प शास्त्रज्ञ झाल्या. हे यान मार्च २००४ मध्ये निघाले, ऑगस्ट २०१४ मध्ये ६७पी या धूमकेतूजवळ पोचले आणि १२ नोव्हेंबर २०१४ रोजी त्याचे 'फिली' हे छोटे यान धूमकेतूवर उतरले. आपटले, उसळले आणि एका कड्याच्या सावलीत जाऊन पडले. तरी धूमकेतूवर उतरण्याचा माणसाचा हा पहिलाच प्रसंग. नासाने या मोहिमेला तीन उपकरणे आणि चौथ्याचा काही भाग दिला होता. युरोप आणि अमेरिका अशा दोन संस्थांच्या शास्त्रज्ञांना एका कामात बांधून ठेवणे ही डॉ. अलेक्झांडर यांची जबाबदारी होती. मिळालेल्या माहितीतून एक मोठी गोष्ट कळली. या धूमकेतूच्या पाण्यातले जड हायड्रोजनचे प्रमाण आपल्या समुद्रांच्या तिपटीहून जास्त आहे. म्हणजे पृथ्वीवरचे पाणी अशा धूमकेतूंनी आणले असण्याची शक्यता कमी.

या सगळ्या काळात, सुमारे दहा वर्षे, त्यांना स्तनाचा कर्करोग होता. त्यातच त्या मुलांसाठी विज्ञानाची पुस्तके लिहीत होत्या आणि विज्ञानकथाही लिहीत होत्या. पत्रकार व्हायचे राहून गेले होते, पण लिहायचे त्यांनी सोडले नाही. त्यांच्या निधनानंतर रोझेटाच्या सहकाऱ्यांनी ६७पी धूमकेतूच्या लहान भागावरच्या एका दरवाजासारख्या रचनेला त्यांचे नाव दिले, 'सी. अलेक्झांडर गेट'. मोठ्या भागावरचे तसेच एक दार इटलीच्या दिवंगत शास्त्रज्ञ अँजिओलेटा कोरादिनी यांच्या नावाचे आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, पाहा, तिकडे रंग आडवा येत नाही. तसे नाही. डॉ. अलेक्झांडर जन्मल्या त्याच्या एकच वर्ष आधी, १९५८ मध्ये, मेरी जॅक्सन नासाच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला अभियंता झाल्या. त्यासाठी लागणारे वर्ग गोऱ्यांच्या शाळेच्या इमारतीत भरत, म्हणून तिथे बसण्याची परवानगी मिळावी असा अर्ज त्यांना शहर प्रशासनाकडे करावा लागला होता. वर्गाबाहेर बसवले जाणे हा अनुभव आपल्याला परका नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहिले आणि डु बॉईस यांनी त्याला उत्तर दिले, ते याच नात्याने. मेरी जॅक्सन ते क्लॉडिया अलेक्झांडर ही वाट आपोआप तयार झालेली नाही. नागरी हक्कांच्या चळवळीने कायदे बदलून घेतले, विद्यापीठांची दारे उघडायला लावली, तेव्हा ती तयार झाली.

आणि आता, २०२५ मध्ये, ती वाट पुन्हा अरुंद केली जात आहे. २० जानेवारीला नवे सरकार आले आणि केंद्रीय संस्थांमधले विविधता व समावेशनाचे कार्यक्रम बंद करण्याचे आदेश निघाले. मार्चमध्ये नासाच्या संकेतस्थळावरून आर्टेमिस मोहिमेबद्दलचे एक आश्वासन गायब झाले. चंद्रावर पहिली स्त्री आणि पहिली गोरी नसलेली व्यक्ती उतरवू, असे ते आश्वासन होते. चंद्रावर जाणाऱ्या पहिल्या स्त्रीची कल्पना करणाऱ्या 'फर्स्ट वुमन' या चित्रकथाही काढून टाकण्यात आल्या. त्याच महिन्यात विविधता विभागाचे काम आणि मुख्य शास्त्रज्ञांचे कार्यालय, दोन्हींना कुलूप लागले. मे महिन्यात पुढच्या वर्षाच्या अर्थसंकल्पाचा प्रस्ताव आला. त्यात नासाच्या विज्ञान विभागाचा निधी सुमारे ७३० कोटी डॉलरवरून ३९० कोटींवर आणायचा आणि विद्यार्थ्यांना संधी देणारे शिक्षण कार्यालय बंदच करायचे, असे सुचवले होते. अमेरिकी संसदेत दोन्ही पक्षांतून याला विरोध झाला ही गोष्ट खरी. पण नेमके काय कापायला काढले गेले ते पाहा. ज्या प्रकारच्या उन्हाळी कामामुळे क्लॉडिया विज्ञानाच्या इमारतीत पोचली, त्याच प्रकारच्या गोष्टी. आश्वासनाची ओळ पुसायला एक मिनिट लागते. तिच्यामागची भरती आणि प्रशिक्षण उभे करायला तीस वर्षे लागलेली असतात.

हे तिकडचे झाले. आता आपल्याकडे पाहू, कारण तिथेच माझे व्यासपीठावरचे उत्तर जास्त उघडे पडते.

भारतात ग्रहविज्ञान कुठे होते? इस्रो यान बांधते आणि सोडते. पण ग्रहांच्या माहितीचा अर्थ लावण्याचे काम ज्या मोजक्या ठिकाणी होते, त्यांत दोन नावे पहिली येतात. अहमदाबादची फिजिकल रिसर्च लॅबोरेटरी, म्हणजे पीआरएल, आणि तिरुअनंतपुरमची स्पेस फिजिक्स लॅबोरेटरी, म्हणजे एसपीएल. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरले तेव्हा आपण सगळ्यांनी फटाके वाजवले. त्या प्रज्ञान रोव्हरवरचे मातीतली मूलद्रव्ये ओळखणारे एक उपकरण पीआरएलचे होते. विक्रम लँडरवरचे चंद्राच्या मातीचे तापमान मोजणारे उपकरण एसपीएलच्या पुढाकाराने झाले, आणि तिथला प्लाझ्मा मोजणारेही त्यांचेच.

आता कायदा पाहा. केंद्रीय शिक्षण संस्थांतल्या प्रवेशासाठी २००६ चा आरक्षण कायदा आहे. त्याच्या कलम ४ मध्ये काही संस्था वगळल्या आहेत आणि त्यांची यादी परिशिष्टात दिली आहे. या यादीत होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिचे घटक आहेत, मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, बंगळुरूचे जवाहरलाल नेहरू केंद्र आहे. आणि पीआरएल आहे, एसपीएलही आहे. कारण दिले आहे 'उत्कृष्टतेच्या संस्था', 'राष्ट्रीय आणि सामरिक महत्त्वाच्या संस्था'. पुढे अध्यापकांच्या नेमणुकांसाठी २०१९ चा कायदा आला. त्यातही असेच कलम ४ आणि तशीच यादी आहे.

२०१९ चा कायदा आठवतो का? तेरा पॉइंट रोस्टरच्या विरोधात आपण रस्त्यावर उतरलो होतो. ५ मार्च २०१९ ला भारत बंद झाला. दोन दिवसांत अध्यादेश निघाला आणि जुलैमध्ये त्याचा कायदा झाला. मीही त्या मोर्चात होतो. आम्ही पेढे वाटले. परिशिष्ट कोणी वाचले नाही, मीसुद्धा नाही. विद्यापीठातल्या नोकऱ्या वाचल्या याच्या आनंदात, देशाच्या मूलभूत विज्ञानाची सर्वात वरची खोली आपल्याला बाहेर ठेवून बंद झाली हे लक्षातच आले नाही.

इथे एक गंमत सांगतो, जरा कडवट आहे. इस्रोत अभियंत्यांची सुरुवातीची भरती ज्या पदावर होते त्याचे नाव 'सायंटिस्ट-इंजिनीअर एससी'. यातल्या एससीचा अनुसूचित जातींशी काही संबंध नाही, ती वेतनश्रेणीची खूण आहे. या भरतीत आरक्षण असते, जाहिरातीत प्रवर्गनिहाय जागा छापून येतात, आणि आपली मुले तिथे पोचतातही. म्हणजे यान जोडायला, त्याच्या चाचण्या घ्यायला आरक्षित जागेवरून आलेला अभियंता चालतो आणि उत्तम काम करतो. यान सुखरूप उतरते. मात्र त्याने पाठवलेल्या माहितीवर प्रश्न विचारायला, पीएचडी करायला बसायचे झाले की तिथे 'उत्कृष्टता' आडवी येते. चंद्रावर यान उतरवण्यापेक्षा जास्त उत्कृष्टता कुठल्या कामाला लागते, हे त्या परिशिष्टात लिहिलेले नाही.

या संस्था स्वतःहून काही जागा देत असतील तर आनंदच आहे. पण मग आकडे जाहीर व्हावेत. जानेवारी २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकाने माहिती अधिकारातून मिळवलेल्या आकड्यांवर एक मोठा वृत्तांत छापला होता. देशातल्या आघाडीच्या संस्थांमध्ये प्राध्यापकपदावर दलित आणि आदिवासी मिळून एक टक्कासुद्धा नाहीत, असे त्यातून दिसले. त्या एक टक्क्यात आपल्या किती बाया असतील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

दुसरे दार पैशाचे आहे. इथे जागा नाही तर परदेशात जा, असे आपण मुलांना सांगतो, आणि त्यासाठी बाबासाहेबांचे उदाहरण देतो. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी त्यांना महिन्याला साडेअकरा पौंड दिले, ते वेळेवर मिळाले, म्हणून कोलंबिया घडले. जुलै २०२५ मध्ये काय झाले? केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीसाठी १०६ विद्यार्थी निवडले गेले. तात्पुरती मंजुरीपत्रे पहिल्या ४० जणांनाच मिळाली. उरलेल्या ६६ जणांना सांगण्यात आले की निधी उपलब्ध झाला तर देऊ. पुढे काही मार्ग निघो वा न निघो, तिकडच्या विद्यापीठाचे वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात आणि व्हिसासाठी पैशाचा कागद आधी दाखवावा लागतो. महाराष्ट्रात बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या संशोधक विद्यार्थ्यांनी किती वेळा मंडप टाकून उपोषणे केली, हे या वाचकांना सांगायला नको. काही जण त्या मंडपात बसलेले असतील.

पीएचडीच्या मुलाचा पैसा थांबला तर काय होते, हे आपण १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादमध्ये पाहिले. रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते. हे त्याच्या अखेरच्या पत्रात आहे, पण आपल्या भाषणांत फारसे येत नाही. आपण त्याला आंदोलक म्हणून ओळखतो, ते बरोबरच आहे. पण तो ताऱ्यांकडे पाहणारा मुलगाही होता. योगायोग पाहा. गॅलिलिओ यान डिसेंबर १९९० मध्ये पृथ्वीजवळून गेले तेव्हा त्याच्या उपकरणांनी पृथ्वीवर जीवसृष्टी ओळखता येते का, हे सेगन यांनी तपासले. त्याचा निबंध १९९३ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी क्लॉडिया अलेक्झांडर डॉक्टर झाल्या आणि त्याच यानावर काम करत राहिल्या.

मघाशी शुक्र लक्षात ठेवायला सांगितले होते. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने १,२३६ कोटी रुपयांच्या शुक्र मोहिमेला मंजुरी दिली. मार्च २०२८ मध्ये यान सोडायचे ठरले आहे. त्याच दिवशी चंद्रावरची माती परत आणणाऱ्या चांद्रयान-४ लाही मंजुरी मिळाली. विहारातली ती मुलगी २०२७ मध्ये बारावी होईल. बीएस्सी आणि एमएस्सी करून पीएचडीच्या उंबरठ्यावर येईल तेव्हा २०३२ उजाडलेले असेल. सारे ठरल्याप्रमाणे झाले तर शुक्राच्या वातावरणाची माहिती तोवर इथे येऊन पडलेली असेल. अमेरिकेच्या शुक्रयानाच्या अशाच माहितीवर एका कृष्णवर्णीय विद्यार्थिनीने १९८५ साली प्रबंध लिहिला. आपल्या यानाच्या माहितीवर कोण लिहील, याची यादी पुढच्या सात वर्षांत ठरणार आहे, आणि ती परिशिष्टातल्या संस्थांमध्ये ठरणार आहे.

म्हणून मी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे त्या मुलीचे घर शोधून काढले आणि माझे उत्तर दुरुस्त केले. तिला सांगितले की इंजिनीअरिंग हीच एक वाट नाही. भौतिकशास्त्र किंवा भूशास्त्र घेऊन बीएस्सी करता येते. आयसरसारख्या संस्थेत जाता येते आणि तिथे आरक्षण आहे. तिरुअनंतपुरमची आयआयएसटी आहे, पण तिथल्या बीटेकला जेईई ॲडव्हान्स्ड लागते. बीएस्सीनंतर आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम परीक्षा असते, पुढे नेट, गेट किंवा जेस्ट देऊन पीआरएलसारख्या ठिकाणी अर्ज करता येतो. पुण्यात आयुका दर उन्हाळ्यात कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम घेते. २८ फेब्रुवारीच्या सुमारास नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या आवारात विज्ञान प्रदर्शन भरते, तिथे शास्त्रज्ञांना गाठून बोलता येते. वस्तीतून एक जीप काढायला फार खर्च नाही. आपण चैत्यभूमीला आणि दीक्षाभूमीला गाड्या भरून नेतो, एक गाडी खोडदला न्यायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट, दोन वकील मित्रांना घेऊन माहिती अधिकाराचे अर्ज तयार केले. एक पीआरएलला, एक एसपीएलसाठी. मागच्या दहा वर्षांत पीएचडीसाठी किती जणांची निवड झाली, त्यात अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास किती, त्यात मुली किती, मुलाखतीला किती बोलावले आणि किती नाकारले. उन्हाळी प्रकल्पांसाठी कोणत्या गावांतून, कोणत्या कॉलेजांतून मुले घेतली. एका अर्जाला दहा रुपये लागतात. हीच माहिती आपापल्या भागातल्या खासदारांनी संसदेत विचारली तर अधिक बरे, कारण लेखी उत्तर कायमचे नोंदले जाते. कलम ४ आणि त्याची यादी हा संसदेने केलेला मजकूर आहे, तो बदलायचा तर संसदेतच बदलावा लागेल. रोस्टरच्या वेळी जे विद्यार्थी आणि प्राध्यापक एकत्र आले होते, त्यांच्यापैकी बरेच जण आजही फोन उचलतात. मी सध्या ते फोन करतो आहे.

त्या मुलीच्या घरी गेलो तेव्हा तिची आई भाकऱ्या थापत होती. अहमदाबाद किती लांब, तिथे वसतिगृह असते का, मुली किती असतात, असे एकेक विचारत होती. मी वहीत सगळे लिहून दिले. इस्रोच्या युविका कार्यक्रमाबद्दलही लिहिले. तो नववीच्या मुलांसाठी असतो आणि पंचायत हद्दीतल्या शाळांना निवडीत जादा गुण मिळतात. त्या मुलीने ओळ वाचली आणि म्हणाली, "सर, माझे तर ते वय गेले. पण धाकटी यंदा नववीत गेली आहे, गावाकडे आजीजवळ असते." मग वही घेऊन तिने स्वतःच्या अक्षरात त्या ओळीखाली धाकटीचे नाव लिहिले.